स्नायूला ढकलता येत नाही

मागच्या हिवाळी परीक्षेच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आमच्या मजल्यावर पिण्याचं पाणी आणायची पाळी माझी होती. खाली व्हरांड्यात २० लिटरची कॅन ठेवलेली. मी गुडघे न वाकवता कमरेतून वाकलो, हात लांब करून कॅन धरली आणि एका झटक्यात उचलायला गेलो. कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली आणि मी तसाच काटकोनात अडकलो. वरून पार्टनर ओरडला, "काय बे, कॅनले नमस्कार करून राहिला काय?"

मित्रांनो, हसण्यासारखी गोष्ट होतीच, पण हसायला गेलं तरी कमरेत दुखत होतं. पुढचे पंधरा दिवस मी वर्ध्यातल्या एका दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात जात होतो. डिस्क सरकली नव्हती, स्नायूच दुखावला होता. शेजारच्या टेबलावर आर्वीकडचे एक काका बसलेले असायचे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शेतकरी, उजव्या हातात मऊ मातीचा गोळा. तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, कारण हा लेख खरं तर त्यांच्या हाताने लिहायला लावला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "कोणती ब्रँच?"

"मेकॅनिकल."

"मग मोमेंट काढता येत असेल. तुझ्या कमरेवर किती वजन आलं असेल, सांग बरं."

मी म्हणालो, "२० किलो."

त्या हसल्या. केसपेपर उलटा केला, एक रेघ मारली, रेघेखाली एक त्रिकोण काढला आणि पेन माझ्या हातात दिला.

कमरेआधी कोपर घेऊ, कारण ते सोपं आहे. हात कोपरात काटकोनात वाकवून १० किलोची बादली धरली आहे असं समजा. टेकू कोपराच्या सांध्यात. बादली टेकूपासून साधारण ३२ सेंटिमीटर लांब. आणि बादली उचलून धरणारा दंडातला स्नायू? तो पुढच्या हाताच्या हाडाला कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर चिकटलेला असतो. म्हणजे १० गुणिले ३२ भागिले ४. उत्तर ८० किलो. पुढच्या हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. शाळेत तिसऱ्या प्रकारची तरफ शिकलो, चिमट्याचं उदाहरण पाठ केलं, पण आपण स्वतः अशा तरफांनी भरलेले आहोत हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी मागच्या बाकावर होतो? असो.

आठपट जोर लावायचा हा काय व्यवहार झाला, असं कुणालाही वाटेल. कुठल्याही डिझाइनच्या पेपरात असा हात काढला तर सर मार्क कापतील. पण दुसरी बाजू पाहा. स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात ८ सेंटिमीटर हलतो. स्नायूला फार आखडता येत नाही, पण जोर मात्र भरपूर लावता येतो. शरीराने जोर खर्च करून वेग आणि पल्ला विकत घेतला आहे. म्हणून आपल्याला चेंडू फेकता येतो, दगड मारून कैऱ्या पाडता येतात. या व्यवहाराची किंमत सांध्याला मोजावी लागते, कारण स्नायू जेवढ्या जोराने ओढतो त्यातला बहुतेक जोर हाडावर हाड दाबण्यात जातो.

आता कंबर. कमरेच्या मणक्यांमधली चकती हा टेकू. पाठीचे स्नायू तिच्या मागे, साधारण ५ सेंटिमीटरवर. माझं वजन ६० किलो, त्यातलं कमरेच्या वरचं अंदाजे ३५. मी वाकलो तेव्हा या ३५ किलोचा मध्यबिंदू चकतीच्या पुढे २५ सेंटिमीटर गेला असं धरू. कॅन २० किलो, ती पुढे ४० सेंटिमीटर. ३५ गुणिले २५ म्हणजे ८७५, २० गुणिले ४० म्हणजे ८००. बेरीज १६७५, भागिले ५. उत्तर ३३५ किलो!

मी दोनदा हिशेब केला. उत्तर तेच. आणि हे नुसतं तोलून धरायला, मी तर वर झटकाही दिला होता. त्यातली आणखी एक गोष्ट अशी की कॅन बाजूला ठेवली तरी ८७५ भागिले ५ म्हणजे १७५ किलो उरतातच. खाली पडलेला पेन उचलताना कंबर धरलेली माणसं आपण पाहतो. दोष पेनाचा नसतो, पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचा असतो.

मग मॅडमनी दुसरी आकृती काढली. गुडघे वाकवलेले, पाठ जवळजवळ सरळ, कॅन पोटाशी. धडाचं अंतर १० सेंटिमीटर, कॅनचं २०. ३५० अधिक ४००, भागिले ५. दीडशे किलो. कॅन तीच, माणूस तोच, पाणीही तेवढंच. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील, पण फरक कुठून येतो ते यावरून कळतं.

चकतीवर दाब किती येतो हे कागदाबाहेरही मोजलं गेलं आहे. स्वीडनचे डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. (स्वतःहून तयार झालेल्या त्या माणसांना माझा नमस्कार.) आडवं पडलं की दाब सर्वांत कमी. उभं राहिलं की त्याच्या काही पट. आणि बसून पुढे वाकलं की उभं असण्यापेक्षाही जास्त. सबमिशनच्या आदल्या रात्री पलंगावर मांडी घालून शीटवर ओणवं होऊन ड्रॉइंग काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हे ऐकताना मला बाबा आमटे आठवले. आनंदवनामुळे आपण त्यांना वरोऱ्याचे समजतो, पण जन्म आपल्या जिल्ह्यातला, हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. १९८५ च्या डिसेंबरात 'भारत जोडो' यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली तेव्हा तरुण मुलंमुली सायकलींवर होती आणि सत्तरीचे बाबा गाडीत केलेल्या बिछान्यावर पडून त्यांच्यासोबत होते. लहानपणी फोटो पाहून मला वाटायचं, हे नेहमी झोपलेले का असतात? केसपेपरच्या मागच्या बाजूला त्याचं उत्तर निम्मं तरी होतं. आडवं झालं की धडाचं वजन अंथरुण पेलतं, कण्याला ते पेलावं लागत नाही.

इथपर्यंत नुसतं स्टॅटिक्स झालं. पण स्नायू ओढतो म्हणजे नेमकं करतो काय?

स्नायूच्या एकेका पेशीत दोन जातींचे धागे शेजारी शेजारी रचलेले असतात. जाड धाग्यांना बारीक डोकी असतात. ही डोकी बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. शाळेतली रस्सीखेच आठवा, हात बदलत बदलत दोर ओढतो तसं. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता. नातं काही नाही! एका ओढीत धागा काही नॅनोमीटरच सरकतो, पण अशी डोकी इतकी असतात की एकूण कॅन उचलली जाते. आणखी एक गोष्ट. ऊर्जा लागते ती पकड सोडवायलाही. माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठ होतं, ते पकड सोडवायला ऊर्जाच उरत नाही म्हणून.

मुख्य मुद्दा असा की दोराने ढकलता येत नाही. स्नायूला फक्त ओढणं माहीत आहे. आखडलेला स्नायू स्वतःहून लांबही होत नाही, त्याला कुणीतरी उलट बाजूने ओढावं लागतं. म्हणून प्रत्येक सांध्याला किमान दोन मालक. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा सरळ करतो. आपण ज्याला 'हात स्थिर धरला' म्हणतो, त्यात बऱ्याचदा दोन्हीकडून ओढ चालू असते, जशी टॉवरला चारी बाजूंनी ताणलेली तार. ट्रेकला गेलात तर लक्ष द्या. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो, पण तरीही लांब होत असतो. तो तेव्हा ब्रेकचं काम करतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या चढल्यामुळे कमी आणि उतरल्यामुळे जास्त.

सांध्याबद्दल थोडक्यात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव. घर्षण इतकं कमी की गुणांक ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. आपल्या वर्कशॉपमधल्या कित्येक बेअरिंगनी मान खाली घालावी. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलला की द्रव स्पंजासारखा आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणजे न वापरता जपून ठेवलेला सांधा जपला जात नाही. हाडांचं गणित तर एसओएमच्या पुस्तकातलंच, पोकळ शाफ्टचं.

आता काकांकडे येतो.

काकांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नखीसारखं आत वळलेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मी पाहिलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि मनगटाजवळ बारीक व्रण होता. पहिले दोन दिवस मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "कुष्ठरोग होता बाबू. औषध पूर्ण झालं, आता लागत नाई कोनाले. बस ना जवळ."

मी जवळ बसलो. खरं सांगायचं तर आधी एक खुर्ची सोडून बसलो होतो. वर्ध्यात राहून हे लिहिताना लाज वाटते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश करायचे, ती परचुरे कुटी आपण फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनला पाहतो आणि बाहेर येऊन फोटो काढतो. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ पासून वर्ध्यात. आणि पुढे बहुविध औषधोपचार आले तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाले त्यातही वर्धा होता. एवढं असूनही माझी खुर्ची एक जागा सोडून!

कुष्ठरोगाने बोटं झडतात, असं मीही ऐकत आलो होतो. तसं नाही. हा जंतू नसांवर जातो आणि त्याला शरीराचे जरा थंड भाग आवडतात, जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते. कोपराच्या आतल्या बाजूला टेबलाचा कोपरा लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? ती नस. ती दोन कामं करते. करंगळीच्या बाजूची संवेदना आणते आणि तळहातातल्या बहुतेक लहान स्नायूंना हुकूम पोचवते. ती मेली की दोन्ही बंद.

लहान स्नायू गेले तर एवढं काय बिघडतं, हे समजायला स्वतःचा हात पाहा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं उघडझाप करा. हालचाल कुठे जाणवते? कोपराखाली! बोटांत ती हलवणारा एकही स्नायू नाही. मोठ्या मोटारी सगळ्या कोपराखाली आणि तिथून मनगटातून बोटांपर्यंत केबल गेलेल्या. या केबलना टेंडन म्हणतात. बोटात त्या कड्यांमधून ओवलेल्या असतात, आणि त्या कड्यांना सर्जन लोक चक्क 'पुली' म्हणतात. मोटार बाहेर ठेवली म्हणून बोटं बारीक राहिली, नाहीतर हाताला पाच मुसळं लागली असती.

केबल वेगळ्या असल्या तरी त्यांची एकमेकांशी बांधाबांध असते. मधलं बोट दुमडून तळहात टेबलावर उपडा ठेवा आणि अंगठीचं बोट वर उचलून दाखवा. मेसमध्ये पैज लावायला हरकत नाही, बहुतेक जण हरतात.

पण प्रत्येक बोटात तीन सांधे ओळीने, आणि केबल वरून एक, खालून दोन. साखळीच्या दोन टोकांना ओढलं तर मधल्या कड्या वेड्यावाकड्या होतात, तसं इथे होऊ शकतं. ते होऊ न देण्याचं काम तळहातातले लहान स्नायू करतात. त्यांची केबल मुठीच्या सांध्याच्या खालच्या बाजूने जाते आणि पुढे बोटाच्या वरच्या बाजूला चढते. त्यामुळे एकाच ओढीत पहिला सांधा वाकतो आणि पुढचे दोन सरळ होतात. एकच दोर दोन सांध्यांवर उलटे मोमेंट देतो. टीओएममध्ये असा प्रश्न आला असता तर मी नक्की सोडून दिला असता.

हे स्नायू थांबले की वरची केबल सगळी ओढ पहिल्याच सांध्यावर खर्च करते आणि तो मागे झुकतो. पुढचे दोन सांधे सरळ करायला ओढ उरत नाही. खालच्या केबल त्यांना आत वळवतात. झाली नखी. हाडं शाबूत, सांधे शाबूत, मोठे स्नायू शाबूत, फक्त तोल गेलेला. असा हात ग्लास धरायला गेला की बोट आधी टोकापासून गुंडाळतं आणि ग्लासाला बाहेर ढकलतं. धरला तरी स्पर्श फक्त बोटांच्या टोकांचा. जोर तोच आणि क्षेत्रफळ कमी, म्हणजे दाब वाढला. वर संवेदना नाही. विळ्याच्या मुठीने जखम झाली, चहाने भाजलं, तरी कळत नाही. जखमा चिघळत जातात, हाड झिजतं, बोट आखूड होतं. 'झडतात' म्हणतात ते हे.

काका म्हणाले, "मले दंडावर एक चट्टा होता. खाजे नाई, दुखे नाई. म्हनलं असू दे. दोन वर्सं गेले. दुखलं असतं तं आलो असतो ना दवाखान्यात! मंग कापूस वेचता वेचता बोंड सुटाले लागलं हातातून."

याच वाक्यासाठी मी संपादकांकडून जागा मागून घेतली. माझी कंबर दुखली म्हणून मी तासाभरात डॉक्टरांकडे होतो. काकांचा रोग न दुखणारा होता, म्हणून दोन वर्षं गेली. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर पेनाचं टोक लावलं तरी कळत नाही, असं तुमचं किंवा घरी कुणाचं असेल तर सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत आहे, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. नस नुकतीच बिघडायला लागली असेल तर वेळेवर उपचाराने स्नायू परतही येऊ शकतात. फार उशीर झाला तर मग ऑपरेशन.

ते ऑपरेशन म्हणजे इंजिनिअरिंगच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरुग्णांच्या हातांवर अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. कल्पना अशी की बोट वाकवायला खालून दोन केबल आहेत आणि काम एकीनेही भागतं. मग मधल्या बोटाची एक केबल सोडवायची, तिच्या पट्ट्या करायच्या आणि त्या लहान स्नायूंच्या वाटेने वळलेल्या बोटांत नेऊन शिवायच्या. स्टँडबाय मोटार दुसऱ्या कामाला लावली! मेलेली नस जिवंत होत नाही, संवेदना परत येत नाही, पण तोल येतो.

मात्र वायरिंग बदललं तरी मेंदूला ते माहीत नसतं. प्लॅस्टर निघाल्यावर काकांना करंगळी सरळ करायची असेल तर मधलं बोट वाकवतोय असं मनात आणावं लागे. "सुरवातीले लय घोटाळा होये. आता बरं जमते." मातीचा गोळा त्यासाठी होता. मॅडम रोज तांदळाच्या ताटलीत तुरीचे दाणे टाकायच्या आणि काका एकेक वेचून काढायचे. मी कमरेखाली गरम पॅड ठेवून मोजायचो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांत अकरा, माझ्या शेवटच्या दिवशी सव्वीस.

त्या दिवशी चहा आला. काकांनी खिशातून रुमाल काढला, चौपदरी घडी केली, ग्लासाभोवती गुंडाळली आणि मग उजव्या हाताने ग्लास उचलला. चारही बोटं एकदम, आडवी, ग्लासाला लागून. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या कॅनचं काय झालं मंग?"

मी म्हणालो, "पार्टनर आणतो. पोटाशी धरून."